राकशिणीला मीठ बंद

घणसोली गावातल्या पुतळाआत्याला गोष्ट सांगायला बसवणं सोपं नव्हतं, आणि एकदा बसली की तिला मध्येच थांबवणं त्याहून अवघड. प्रीतम मढवीने मात्र ते करून दाखवलं होतं, तेही तोंडातून चकार शब्द न काढता.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची धाकटी बहीण. तरुणपणी मिठागरात राबलेली. पुढे शहर आलं, भातखाचरं गेली, त्यांच्या बदल्यात मिळालेल्या तुकड्यावर तीन मजली चाळ उभी राहिली आणि आत्या घरमालकीण झाली. कमरेवर हात ठेवून ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली की वरच्या मजल्यावरचा वाहता नळ आपोआप बंद होतो, असं भाडेकरू म्हणत. पण दिवेलागण झाली की हीच बाई ओट्यावर पाय पसरून बसायची आणि आळीतली पोरं तिच्याभोवती गोळा व्हायची, कारण खाडीतल्या राकशिणीची गोष्ट तिच्याइतकी कोणाला येत नव्हती.

गोष्ट तशी लहान. मिठागरात राबणाऱ्या आईबापाची दोन पोरं, बहीण आणि भाऊ. एकदा भरतीच्या पाण्याने भाऊ ओढून नेला आणि खाडीतल्या राकशिणीने त्याला आपल्या चिखलातल्या घरात ठेवून घेतला. ओहोटी लागल्यावर बहीण निघाली. आईच्या राशीतलं चिमूटभर मीठ तिने पदराला बांधलं, गुडघाभर चिखल तुडवला, मागे वळून पाहिलं नाही. राकशीण म्हणाली, खाते तुला. तिने तोंड उघडलं तशी पोरीने पदराची गाठ सोडली आणि मीठ तिच्या जिभेवर ठेवलं. आता तू माझं मीठ खाल्लंस, म्हणाली. खाल्ल्या मिठाला जागायचं की नाही, ते तुझं तू बघ. यावर राकशीण काहीतरी बोलते आणि भावाला सोडते.

ती काय बोलते, ते प्रीतमला माहीत नव्हतं. ऐकलं नव्हतं असं नाही. आत्याच्या गोष्टीचा एक दंडक होता: सांगणाऱ्याने एक वाक्य सांगायचं आणि ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणायचं. हूं आला नाही तर ऐकणारा झोपला असं समजायचं, आणि झोपलेल्याला सांगितलेली गोष्ट वाऱ्यावर जाते. मग आत्या असेल तिथे आवरतं घ्यायची. "भरती आली, गोष्ट गेली," म्हणायची आणि पदर झटकून उठायची. सगळ्या पोरांत प्रीतमचा हूं खणखणीत. आत्या त्याच्याकडेच बघून सांगायची. पण राकशिणीच्या दारापर्यंत पोचेपोचेतो त्याचा हूं जड होत जाई. इतर पोरं हूं देत राहत आणि शेवट त्याच्या कानावरून पांघरुणासारखा सरकत जाई. राकशीण बोलताना आत्याचा आवाज खाली येतो आणि तिचा हात आपल्या डोक्यावर येतो, एवढंच त्याला कळत असे. सकाळी विचारलं तर आत्या म्हणायची, "झोपल्याला शेवट नाय."

हाच प्रीतम मोठा होऊन महापेतल्या एका कार्टून कंपनीत गोष्टी लिहायला लागला. कंपनीची एक मालिका होती, जुन्या गोष्टी उलट्या करून दाखवण्याची. राजकन्या घोरणारी, राजपुत्र घोड्याला घाबरणारा, चेटकिणीचं ब्युटी पार्लर. पोरं पोट धरून हसत. पोरांपेक्षा त्यांचे बाप जास्त हसत, कारण त्यांना मूळ गोष्ट ठाऊक असायची. परदेशी राजकन्या संपत आल्या तेव्हा साहेबांनी विचारलं, आपल्या मातीतलं काही आहे का रे तुझ्याकडे? प्रीतम म्हणाला, आहे ना.

रविवारी दुपारी तो फोन आणि कॉलरला लावायचा छोटा माइक घेऊन आत्याकडे गेला.

"दिवसा कोन गोष्ट सांगतंय?" आत्या म्हणाली. "मामा वाट चुकतो दिवसा सांगितली त."

"मामाच्या फोनमध्ये नकाशा असतो आता, आत्या."

"शिकलास खरा," आत्या म्हणाली, पण बसली. भाच्याचं मन कोण मोडणार. लग्नातली नथ घालावी तसा तिने तो माइक कौतुकाने लावून घेतला आणि सुरू केली. "दोन पोरां व्हती."

प्रीतमने ओठ घट्ट मिटून घेतले. आवाज स्वच्छ हवा होता. मध्ये कोणाचा हूं आला तर कापता कापता जीव जातो, हे त्याला धंद्यात कळलेलं होतं. आत्या थांबली. त्याने मान हलवली, बोटाने खूण केली, पुढे. ती पुढे गेली. पुन्हा थांबली. "झोपलास का रे?" त्याने हसून नकारार्थी मान हलवली. समोर भाचा टक्क जागा बसलाय आणि हूं देत नाही, हे तिच्या उभ्या जन्मात झालं नव्हतं. ती वाक्यं तोडायला लागली. आवाज चढवून पाहिला, खाली आणून पाहिला. पोरीने पदराची गाठ सोडली, राकशिणीच्या जिभेवर मीठ ठेवलं, आणि आत्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तोंड मिटलेलंच.

"भरती आली, गोष्ट गेली," ती म्हणाली आणि माइकसकट उठली.

तिला हाताला धरून खाली बसवता आलं असतं. आत्या, शेवट राहिला, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण सोमवारी सगळं कंपनीत द्यायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनात आलं की शेवट आपल्याला उलटाच करायचाय, सुलटा कशाला हवा? माणूस शहाणा असला की त्याचा शहाणपणा असा नेमक्या वेळी आडवा येतो.

त्याने शेवट रचला. राकशीण मीठ थू करून टाकते आणि ओरडते, "मीठ बंद आहे गं माझं! बीपी वाढलं तर तुझा बाप येणार का डॉक्टर घेऊन?" बहीण भावाला म्हणते चल, तर भाऊ म्हणतो मी नाही येत, इथे वायफाय फुल आहे. आणि संपलं. चित्रं काढणाऱ्या मुलीला राकशीण कशी काढू ते सुचेना, तेव्हा प्रीतमने उठून कमरेवर हात ठेवून, पाय फाकवून चालून दाखवलं. "अशी. आमच्या आत्यासारखी." आत्याची बोली सगळ्यांना कळायची नाही म्हणून गोष्ट सांगणाऱ्याचा आवाज त्याने स्वतःच दिला. ते कार्टून एवढं चाललं की साहेबांनी पेढे वाटले.

गणपतीत गावच्या मंडपात पडदा लावून ते दाखवलं. आत्याला मानाने पुढच्या खुर्चीत बसवलं होतं, गोष्ट तिची म्हणून. राकशीण पडद्यावर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, ही त आपली पुतला." मग सगळा मंडप हसला. राकशिणीच्या दर पावलाला हसला. आत्या खुर्चीतून हलली नाही, शेवटपर्यंत बसून राहिली. बाहेर पडताना प्रीतम समोर आला तेव्हा म्हणाली, "सगल्यांना हसाला आलं. बरा झाला."

ती रागावली असती तर त्याला पाय धरता आले असते. ती बरा झाला म्हणाली, आणि त्यालाही ते खरं मानणं सोयीचं होतं. पण नंतर चाळीतली पोरं तिला जिन्यात बघून राकशीण आली, राकशीण आली म्हणत वर पळायला लागली, हे त्याच्या कानावर आलं. संध्याकाळी ओट्यावर आता कोणी बसत नाही, हेही आलं. मग घणसोलीच्या बाजूला जायचं म्हटलं की त्याला काहीतरी काम निघायचं. तो राहायचा कोपरखैरण्याला. रिक्षात बसून गाणं लावावं तर ते संपायच्या आत आत्याचं दार येईल, एवढं ते अंतर. दोन गणपती असेच गेले. मधल्या काळात आत्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तो दवाखान्यात गेला, ती झोपलेली होती, तेव्हा उशाशी मोसंबी ठेवून परत आला. झोपली होती हे बघून बरं वाटलं, हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही.

वाशीच्या एका वाचनालयाने चर्चा ठेवली होती. विषय मोठा होता: जुन्या परीकथांची खिल्ली उडवणारी कार्टूनं, त्यांना परीकथा म्हणायचं का? एका बाजूला सुमित्राबाई, जन्मभर कॉलेजात लोककथा शिकवलेल्या. दुसऱ्या बाजूला प्रीतम.

सुमित्राबाई म्हणाल्या, "खिल्ली हे बांडगूळ आहे. दिसायला हिरवंगार, पण मूळ त्याचं नाही. परीकथेत राक्षस खराच भीतीचा असतो आणि सुटका खरीच सुटका असते. तुमच्याकडे कोणी घाबरतच नाही, तर सुटणार काय?"

प्रीतमला उत्तर तयारच होतं. असल्या चर्चांत तो आता मुरला होता. "बाई, गोष्ट म्हणजे काचेच्या कपाटातली तलवार नाही. प्रत्येक आईने, आजीने तिला आपापल्या घरचा मसाला लावला. आम्ही आमचा लावतो. माझ्या कार्टूनमधली राकशीण आज घराघरातल्या पोरांना माहीत आहे. कार्टून नसतं तर ती आमच्या आळीतच मेली असती. जी गोष्ट ऐकली जाते ती खरी. याहून वेगळी कसोटी मला माहीत नाही."

टाळ्या पडल्या. सुमित्राबाईही हसल्या. मागच्या रांगेतून एक वयस्कर बाई उठल्या. मेहरुन नाव सांगितलं, तळोज्याकडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या.

"मी भांडणात पडायला उभी नाही राहिले," त्या म्हणाल्या. "तुमचं कार्टून माझ्या नातवंडांना पाठ आहे. माझी नानी अशीच एक गोष्ट सांगायची. आमच्याकडे राकशीण नव्हती, दर्यातली बया होती, पण मीठ हेच. शेवटी ती बया त्या पोरीला काहीतरी सांगते आणि नानी आम्हाला पोटाशी धरायची. ती काय सांगते, ते माझ्याकडून हरवलंय. नानी गेली, आई गेली, विचारायला कोणी उरलं नाही. तुमचं कार्टून बघितलं तेव्हा मला वाटलं, या माणसाकडे ते असणार. सुलटी ठाऊक असल्याशिवाय उलटी कशी केली असेल?"

प्रीतमने पाण्याचा घोट घेतला. "आहे ना," तो म्हणाला. "रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. पाठवतो तुम्हाला." मेहरुनबाईंनी चिठ्ठीवर नंबर लिहून दिला आणि एवढ्या मनापासून आभार मानले की त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीत त्याने जुनी, न कापलेली फाइल शोधली आणि हेडफोन लावला. आवाज खरंच स्वच्छ होता. आत्या एक वाक्य सांगत होती आणि मग शांतता. एक वाक्य, आणि शांतता. कार्टूनसाठी फाइल साफ करताना त्या सगळ्या शांतता त्याने कापून टाकल्या होत्या. आता त्या त्याने पहिल्यांदा ऐकल्या. प्रत्येक शांततेत आत्या थांबलेली होती, हातावर काहीतरी पडेल म्हणून हात पुढे करून ठेवावा तशी. "झोपलास का रे?" तिने विचारलं. शांतता. शेवटी भरती आली, गोष्ट गेली, आणि माइक कपड्याला घासल्याचा खरखर आवाज. त्याने हेडफोन काढून ठेवला. बाजूच्या टेबलावर कोणी काही विचारलं, त्याला ऐकू आलं नाही. आपण काय करून बसलो, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि कळून उपयोग काय, हेही कळलं.

त्याने आत्याच्या मुलाला, हरेशला फोन केला. हरेश म्हणाला, राकशीण रडते बहुतेक. आळीतल्या आणखी एकाला केला, तो म्हणाला, मरते ना ती? तिसऱ्याला कार्टूनच आठवत होतं, तो फोनवर हसायला लागला. आता एकच दार राहिलं होतं.

त्याच संध्याकाळी तो घणसोलीला गेला. गावात शिरताना त्याने मिठाईच्या दुकानातून आत्याच्या आवडीची खारी शंकरपाळी घेतली. हरेशच्या बायकोने, नमिताने दार उघडलं, पिशवीत डोकावून बघितलं आणि पिशवी वर कपाटात ठेवून दिली.

"आईंना मीठ बंद केलंय डॉक्टरांनी," ती म्हणाली. "वारं गेलं तेव्हापासून. अळणीच करते त्यांचं सगळं. आधी ताट ढकलायच्या, आता गुमान खातात."

कार्टूनमधल्या त्याच वाक्यावर मंडप कसा हसला होता ते प्रीतमला आठवलं.

"बरं झालं या वेळेला आलात," नमिता सांगत होती. "दिवा लावला की त्यांना तुमचं कार्टून लागतं. रोज. मी फोन हातात देते. आधी वाटलं नको, त्यांना वाईट वाटेल, एवढं झालं होतं मंडपात. पण त्याच मागून घेतात. बघत नाहीत हो, डोळे मिटून ऐकतात. तुम्ही बोलता ना मध्ये, गोष्ट सांगता, तुमच्या एकेक वाक्याला हूं म्हणतात. मला आधी हसू यायचं. फोनला कोण हूं देतं?"

दोन वर्षं प्रीतम समजत होता की आत्या रुसली आहे, आणि त्या रुसव्याच्या आडोशाला तो सुखाने लपला होता. इथे ती रोज त्याला हूं देत होती. त्याने तिला एकदाही दिला नव्हता.

आत्या आतल्या खोलीत खिडकीपाशी बसलेली होती. एक हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, तोंड थोडं वाकडं. कमरेवर हात ठेवणारी बाई केवढीशी झाली होती. तिने त्याला ओळखायला वेळ लावला नाही.

"पिरतम," ती म्हणाली. "फोन आनलास?"

"नाही आत्या. आज फोन नको. आज तू सांग."

"मी?"

"राकशिणीची. तुझी तू सांग. दिवा लागलाय, मामा वाट चुकणार नाही."

आत्या हसली, अर्ध्या तोंडाने. नमिता दाराशी उभी राहिली. बाहेर जिन्यातून कोणाचीतरी बादली घासत वर गेली आणि आत्याने तिकडे बघितलंही नाही.

"दोन पोरां व्हती," ती म्हणाली.

"हूं," प्रीतम म्हणाला.

त्याने खाकरून पुन्हा म्हटलं, खणखणीत, लहानपणी म्हणायचा तसं. "हूं."

आत्याचा चेहरा बदलला. जिभेवर शब्द जड होते, काही निसटत होते, पण ती निघाली. भरती आली, भाऊ गेला. हूं. ओहोटी लागली, बहीण निघाली. हूं. चिखल गुडघ्याला लागला. हूं. प्रीतमने सगळा जीव कानात आणला होता. झोपायचं नाही, त्याने स्वतःला बजावलं. यावेळी झोपायचं नाही.

"राकशीन दारान उभी," आत्या म्हणाली. "कमरेवं हात ठेवून."

प्रीतमचा हूं क्षणभर मागे राहिला. मूळ गोष्टीत कमरेवर हात नव्हते. ते त्याने ठेवले होते.

"हूं," तो म्हणाला.

"तिला मीठ बंद व्हतं."

दाराशी नमिताने तोंडावर पदर घेतला. प्रीतमला वाटलं आत्या थट्टा करते आहे, त्याच्यावर उलटवते आहे. पण आत्याच्या चेहऱ्यावर थट्टेचं नावही नव्हतं. ती राकशिणीच्या घरात उभी राहून बोलत होती.

"डाक्टरनी बंद केलेलं. मीठ नाय म्हंजे नाय. खाडीन रवायची, चारी बाजूला खारा पानी, नि तिच्या ताटान अलनी. कोनी इचारलं नाय तिला, गिलतेस कशी म्हनून. पोरां बघून पलाची. राकशीन आली, राकशीन आली. ती कशाला खाईल कोनाला? तिला तोंडाला चवच नव्हती."

"हूं," प्रीतम म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि ते पुसायला हात उचलावा, तर गोष्ट मोडेल अशी त्याला भीती वाटली. हसवण्यासाठी लिहिलेली एक ओळ. टेबलावर पाय टाकून, चहा पिता पिता लिहिलेली. ती या बाईने रोज अंधार पडताना हूं देऊन देऊन खरी करून टाकली होती.

आणि खरी करता करता आपली स्वतःची विसरली होती. हे त्याला हळूहळू उमगत गेलं. आत्या जे सांगत होती ते सगळं कार्टूनच होतं, क्रमाने, त्याच्याच शब्दांच्या पाठोपाठ चालणारं. तिची गोष्ट त्याच्या गोष्टीखाली गेली होती, खाडीकाठच्या खाजणावर भराव टाकतात तशी. पण मीठ अजून यायचं होतं. मिठानंतर राकशीण बोलते. तिथे कदाचित जुनं वर येईल. तिथे आत्याचा आवाज खाली येतो, तेवढं त्याला ठाऊक होतं.

"पोरीनी गाठ सोरली," आत्या म्हणाली.

"हूं."

"मीठ घेतलं. तिच्या जिभंवं ठेवलं."

"हूं."

"नि राकशीन बोलली..."

आत्याचा आवाज खाली आला. तिचा चांगला हात मांडीवरून उठला आणि हवेत, प्रीतमच्या डोक्यापाशी, तसाच राहिला. ओठ हलले. तिने खिडकीकडे बघितलं, नमिताकडे बघितलं, मग प्रीतमकडे.

"काय बोलली रे?" तिने विचारलं.

"तू सांग ना आत्या. काय बोलली?"

"तुना म्हायती. तुजी गोष्ट हाय." हात खाली आला. ती आता सावरून बसली, डोळे मिटून घेतले, रोज फोन हातात घेऊन बसत असेल तशी. "सांग. मी हूं देते."

प्रीतमने नमिताकडे बघितलं. नमिताने मान खाली घातली.

मेहरुनबाईंना काय सांगायचं, हे त्याला आता कळलं होतं: शेवट हरवला, माझ्याच हाताने. सुमित्राबाईंना काय सांगायला हवं होतं, तेही. पण आत्या डोळे मिटून वाट बघत होती आणि तिला काय सांगायचं, ते मात्र कळत नव्हतं. त्याच्यापाशी एकच ओळ होती. तीच त्याने म्हटली, जमेल तेवढ्या हळू, जमेल तेवढी माया घालून.

"राकशीण बोलली, मीठ बंद आहे गं माझं. बीपी वाढलं तर तुझा बाप येणार का डॉक्टर घेऊन."

"हूं," आत्या म्हणाली. हसली नाही. गंभीरपणे मान हलवली आणि पुढचं वाक्य यावं म्हणून थांबली.

पुढचं वाक्य वायफायचं होतं. ते त्याच्या तोंडातून निघेना. दुसरं काही रचावं म्हणून त्याने मनात शोधलं. आयुष्यभर तेच काम केलेला माणूस, त्याला एक साधं वाक्य सापडेना, जे राकशीण त्या पोरीला म्हणू शकेल.

"हूं?" आत्या म्हणाली.

बाहेर मशिदीतली बांग संपली. चाळीतल्या कोणाच्यातरी कुकरची शिट्टी झाली.

"हूं?" ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. "झोपलास का रे?"

"नाही," प्रीतम म्हणाला. मग जे एकच वाक्य पूर्ण आठवत होतं ते त्याने म्हटलं. "भरती आली, गोष्ट गेली."

आत्याने डोळे उघडले. त्याच्याकडे बघत राहिली, लहान पोर बघतं तशी, आपल्याला फसवलंय हे कळलेलं पण का ते न कळलेलं.

"यवढ्यान कशी भरती आली?" ती म्हणाली. "भाऊ अजून खाडीनच हाय ना."